सांडपाण्याचा माग तळाच्या गाळात कसा काढावा

नाला नदीला मिळतो तिथे बाटलीत घेतलेले पाणी त्या घटकेपुरतेच बोलते. गाळातले जीव जागा सोडून फारसे हलत नसल्याने त्यांच्यावर मागच्या कित्येक आठवड्यांचा परिणाम दिसतो. सोलापूरहून समुद्र दूर असला, तरी तिथली सीना नदी हत्तरसंग-कुडल येथे भीमेला, भीमा पुढे कृष्णेला मिळते आणि कृष्णा हंसलादेवीजवळ बंगालच्या उपसागरात जाते. म्हणून खाडीचा तळ तपासण्याआधी सीनेत हात बसवून घेणे सोयीचे आहे.

नदीत नाल्याच्या मुखापासून प्रवाहाच्या वरच्या बाजूला एक, मुखाजवळ एक आणि खाली अंतराअंतराने दोन-तीन जागा निवडाव्यात. पूर गाळ धुऊन नेतो, त्यामुळे पावसाळ्यापूर्वीचे दिवस बरे. गमबूट व रबरी हातमोजे घालावेत आणि हाताला जखम असेल तर त्या दिवशी गाळाला हात लावू नये.

प्रत्येक जागी सारख्याच मापाचा गाळ काढावा आणि चाळण्यापूर्वी तो उभा कापून पाहावा: वर तपकिरी पातळ साय, खाली लगेच काळा थर आणि सडक्या अंड्यांचा वास असेल, तर सांडपाण्यातले सेंद्रिय द्रव्य कुजवताना जिवाणूंनी प्राणवायू संपवला आहे असे समजावे. मग अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून गाळ धुऊन उरलेला ऐवज पांढऱ्या ट्रेमध्ये पसरावा.

इथे नवशिक्या हमखास फसतो. नाल्याखालच्या ट्रेमध्ये वळवळणाऱ्या लाल अळ्या आणि दोऱ्यासारखे ट्युबिफेक्स नावाचे कृमी शेकड्यांनी दिसतात, आणि तळ जिवंत आहे असे वाटते. त्यांच्या अंगातले हिमोग्लोबिन त्यांना अपुऱ्या प्राणवायूतही तगवते, स्पर्धक मेलेले असतात आणि खाद्य अमाप असते, एवढाच त्या गर्दीचा अर्थ. म्हणून संख्येबरोबर प्रकारही मोजावेत. वरच्या जागी मेफ्लाय या कीटकाची पिल्ले, शिंपले, गोगलगायी असून खाली त्या नसतील, तर तो खरा पुरावा. प्रदूषण फारच तीव्र असेल तर ट्रे रिकामाच राहतो.

खाडीत हीच लाल अळ्यांची जागा कॅपिटेला नावाचा कृमी घेतो. मात्र तिथे भरती-ओहोटीने खारटपणा सतत बदलत असल्यामुळे प्रदूषण नसतानाही तळाला मोजकेच प्रकार टिकतात. तेव्हा सारखा खारटपणा आणि सारखाच गाळ असलेल्या जागांचीच तुलना करावी, चिखलाची वाळूशी कधीही करू नये.