मॅशमधून वर्ट गळेनासे झाल्यास
घरी बिअर बनवताना मॅशच्या, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेल्या दळलेल्या धान्याच्या, भांड्यातून वर्टची, म्हणजे त्यातून निघणाऱ्या गोड द्रवाची, धार बारीक होऊन थांबली, तर तोटी आणखी उघडण्याचा मोह टाळावा, कारण खालची ओढ वाढली की धान्याचा थर तळाच्या जाळीवर अधिकच घट्ट बसतो. तोटी बंद करून सुमारे 75 अंश सेल्सिअसचे पाणी, शक्य असल्यास तळाकडून, चढवावे, थर हलक्या हाताने ढवळून 10 मिनिटे बसू द्यावा आणि मग तोटी किंचित उघडून पहिले गढूळ वर्ट पुन्हा वरून सोडावे. गहू किंवा राय (गव्हासारखे एक धान्य) अधिक असल्यास हा त्रास होण्याची शक्यता वाढते. अशा वेळी धान्याच्या वजनाच्या सुमारे 5 टक्के भाताचे तूस धुऊन आधीच मिसळावे. माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) पिठासारखे बारीक दळले असेल, तर मात्र तुसाचाही फारसा उपयोग होत नाही.