बियाण्याचं सोयाबीन दाणा वर चढवणाऱ्या फिरत्या पट्ट्यावर (कन्व्हेयरवर) घालताय? आधी टोकाची उंची बघा

परतीचा पाऊस पाठ सोडत नाही, मळणी उरकायची घाई आहे, हे मान्य. तरी पुढच्या खरिपाचं बियाणं आजच वेगळं काढा. जूनमध्ये उगवलं नाही की दोष पावसाला आणि बुरशीला देतात. बऱ्याच वेळा घात ऑक्टोबरातच, चाळणी युनिटवर, म्हणजे दाणा चाळून साफ करण्याच्या यंत्रावर, झालेला असतो.

सोयाबीनचं साल पातळ आणि अंकुर त्या सालीला अगदी लागून. स्क्रूच्या नळीतून वर चढवलं की दाणा रगडला जातो, म्हणून बियाण्याला पट्टाच बरा. पण पट्ट्याचं टोक आठ-दहा फुटांवर आणि खाली रिकामी लोखंडी टाकी असेल तर पहिली काही पोती थेट पत्र्यावर आपटतात. टोकाला गोणपाटाची नळी शिवून ढिगापर्यंत सोडा, तळाशी रिकामी पोती अंथरा. ढीग वाढेल तशी नळी वर घ्या.

विक्रेता 'ताशी जास्त टन' म्हणत मोठी मोटर गळ्यात मारेल. घेऊ नका. वेग वाढला की दाणा टोकावरून लांब फेकला जातो, समोरच्या पत्र्यावर फुटतो. गुळगुळीत पट्टा 15 अंशांपेक्षा जास्त उभा केला तर गोल दाणा मागे घरंगळतो. महागड्या बियाणे-प्रक्रियेच्या बाटलीनं फुटलेलं साल सांधत नाही.

मळणी 13 ते 14 टक्के ओलाव्यावर करा. 13 टक्क्यांवर मळणी यंत्राच्या ड्रमचे फेरे मिनिटाला 300 ते 400. दाताखाली दाणा कट्कन फुटून दोन डाळिंब्या सुट्या झाल्या तर तो फार सुकलाय, पट्टा आणखी हळू चालवा. हा आपला अंदाज. ओलावा मोजायचा मीटर मिळाला तर मीटरचंच ऐका.

पट्ट्यावर घालण्याआधीचे 100 दाणे आणि टोकाखालचे 100 दाणे वेगवेगळ्या वाट्यांत 5 ते 7 मिनिटं भिजवा. फुगलेले दाणे मोजा. दुसऱ्या वाटीत ते वाढले तर काम तिथंच थांबवा, उंची कमी करा.

बाकी कामं:
- पट्ट्याखालचं, रोळांजवळचं जुनं धान्य झाडून काढा. कीड आणि वाणांची भेसळ तिथूनच.
- रिकाम्या गोदामाच्या भिंती-फरशीवर मॅलाथिऑन 50 ईसी (पाण्यात मिसळायचं द्रव कीटकनाशक), लिटर पाण्याला 10 मिली. 100 चौरस मीटरला 3 लिटर द्रावण. दाण्यावर नाही.
- थप्पी 7 फुटांच्या आत, फळ्यांवर.
- पदर, उपरणं, पोरं पट्ट्यापासून लांब. अडकलेलं काढताना मेन स्विच बंद.
- उगवण 70 टक्क्यांच्या खाली आली तर ते सोयाबीन बाजारात घाला.

ढग भरून आले तर पट्टा रिकामा करूनच ताडपत्री टाका. भिजलेला एक घमेलाभर मालही बियाण्यात जाऊ देऊ नका.