मार्कडाउनच्या मथळ्यांचा ट्री कसा बांधावा

मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या मजकुरात '#' सारख्या खुणा घालून मांडणी दाखवण्याच्या पद्धतीत, लिहिलेल्या दस्तऐवजाची अनुक्रमणिका काढायची असो वा त्यातला एखादाच विभाग वेगळा दाखवायचा असो, आधी त्याचा ट्री, म्हणजे मथळे-उपमथळ्यांची झाडासारखी रचना, बांधून घेतला की पुढचे काम फार हलके होते. ट्रीमधल्या प्रत्येक नोडमध्ये (घटकामध्ये) प्रकार, पातळी, मजकूर आणि अपत्यांची, म्हणजे त्याच्याखालच्या नोडांची, यादी एवढेच ठेवावे. पालकाचा दुवा ठेवण्याचा मोह होतो. पण बांधणी चालू असताना पालक कोण हे स्टॅकवरून (शेवटी ठेवलेले आधी निघते अशा थप्पीवरून) कळतेच, आणि एकच माहिती दोन ठिकाणी सांभाळणे त्रासाचे ठरते.

पातळी ० असलेला मूळ नोड स्टॅकवर ठेवून फाइल ओळीओळीने वाचावी. आरंभी १ ते ६ '#' चिन्हे आणि त्यांच्यापुढे मोकळी जागा असेल, तर ती ओळ मथळा होय. जितकी चिन्हे, तितकी त्याची पातळी. मथळा सापडला, की स्टॅकच्या माथ्यावरच्या नोडची पातळी त्याच्याइतकी किंवा त्याहून जास्त असेपर्यंत वरचे नोड काढत जावे, उरलेल्या माथ्याच्या अपत्यांत नवा नोड जोडावा आणि तोही स्टॅकवर चढवावा. साधे परिच्छेद मात्र माथ्यावरच्या नोडला नुसते जोडावेत.

# वापर
## स्थापना
### लिनक्स
## मांडणी

येथे 'मांडणी' वाचली जाते तेव्हा स्टॅकवर मूळ, वापर, स्थापना, लिनक्स असे चार नोड असतात. लिनक्स (३) आणि स्थापना (२) निघून जातात, वापर (१) उरतो आणि मांडणी त्याचे अपत्य होते. लेखकाने दुसऱ्या पातळीवरून थेट चौथीवर उडी मारली असली, तरी हीच रीत चालते. मधली पातळी भरण्यासाठी पोकळ नोड घालू नये, असे माझे मत आहे.

खरी फसगत कोड ब्लॉकमध्ये, म्हणजे दस्तऐवजात जसाच्या तसा दाखवायच्या कोडच्या तुकड्यात, होते. माझ्या पहिल्या पार्सरने (मजकूर वाचून ट्री बांधणाऱ्या प्रोग्रामने) शेल स्क्रिप्टमधली '# आधी बॅकअप घ्या' ही टिप्पणी अनुक्रमणिकेत प्रकरण म्हणून छापली होती. म्हणून आपण कोड ब्लॉकच्या आत आहोत का, हे मथळा तपासण्याआधी पाहावे. ब्लॉक किमान ३ बॅकटिक (`) किंवा ३ टिल्ड (~) चिन्हांनी उघडतो, आणि त्याच चिन्हाच्या तितक्याच किंवा अधिक लांबीच्या ओळीने बंद होतो; तेव्हा नुसती खरे-खोटे अशी नोंद पुरत नाही, उघडणारे चिन्ह आणि त्याची लांबीही लक्षात ठेवावी लागते. ४ बॅकटिकांच्या ब्लॉकमध्ये ३ बॅकटिकांचे उदाहरण दाखवलेले असते, ते याच सोयीमुळे. ब्लॉक बंदच केला नसेल, तर कॉमनमार्क या मार्कडाउनच्या प्रमाणित नियमावलीनुसार तो ज्या घटकात उघडला त्याच्या अखेरपर्यंत, म्हणजे बहुधा फाइलच्या शेवटापर्यंत, चालतो.

ठळक अक्षरे, दुवे वगैरे ओळीतल्या खुणांना या फेरीत हात लावू नये. ट्री पूर्ण झाल्यावर दुसऱ्या फेरीत मथळे व परिच्छेद यांच्या मजकुरावर ते काम करावे आणि कोडचे नोड जसेच्या तसे सोडावेत.