महिनाभरासाठी जपानला शिकायला जाताय? मग आधी हे वाचा

दिवाळी झाली की माझ्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो: "सेन्सेई (बाई), उन्हाळ्यात जपानला महिनाभराचा कोर्स आहे, जाऊ का?" माझा उलट प्रश्न ठरलेला असतो: एन-५, म्हणजे जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची पहिली पायरी, झाली का? झाली असेल तर पुढे बोलू. नसेल तर तिकिटाचे पैसे बँकेत राहू द्या.

मी चाकणच्या एका कंपनीत दुभाषी आहे आणि शनिवार-रविवार कोथरूडला एन-५, एन-४चे वर्ग घेते. असाच छोटा कोर्स मी स्वतः ओकायामाला केला आणि नंतर बऱ्याच मुलामुलींना वाटेला लावलं. त्यावरून सांगते, महिनाभरात नवी भाषा येत नाही. इथे शिकलेली, वहीत अडकून पडलेली भाषा तिथे सुटी होते, एवढंच. पण ते "एवढंच" फार मोलाचं आहे. कोऱ्या पाटीने गेलेला मुलगा तिथे पहिले दोन आठवडे हिरागाना गिरवतो. हिरागाना आणि काताकाना या जपानीच्या दोन अक्षरलिप्या. हिरागानाची मूळ अक्षरं ४६, काताकानाची ४६. ती घरच्या डायनिंग टेबलावर, चहाच्या जोडीने फुकटात होतात.

जपान फाउंडेशनची 'इरोदोरी' ही पुस्तकं ऑनलाइन मोफत मिळतात आणि त्यांच्याच 'मिनातो' या साइटवर स्वतःच्या वेळेने करायचे कोर्स आहेत. 'मिन्ना नो निहोंगो' हे नेहमीचं पाठ्यपुस्तक घोकून व्याकरण पक्कं झालेल्यांनी जायच्या आधी 'इरोदोरी' जरूर चाळावं. त्यात दुकान, दवाखाना, कचरा, शेजारी असे रोजचे प्रसंग आहेत.

आपण मराठी माणसं या भाषेत थोडी आघाडी घेऊनच उतरतो. हिरागाना-काताकानाची वर्णमाला अ-इ-उ-ए-ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व अशी चालते. हा क्रम ओळखीचा वाटतो, कारण बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्रांसाठी जी सिद्धम् लिपी अभ्यासली, तिच्या वर्णक्रमाचा तो वारसा आहे. वाक्यरचनाही जवळची. "मी पुण्याहून आले" हे "वाताशि वा पुणे कारा किमाशिता" असं शब्दाला शब्द लावून होतं. 'त्सु' म्हणताना काही युरोपियन वर्गमित्रांची जीभ अडखळते. आपल्याला 'चूल'मधला च येतो, काम झालं.

गाडं अडतं ते ऱ्हस्व-दीर्घावर. 'ओबासान' म्हणजे मावशी-काकूच्या वयाची बाई आणि 'ओबाआसान' म्हणजे आजी. आपला आ मुळात लांब, त्यामुळे आपल्या तोंडी सगळ्याच बायका आजी होतात. पंचेचाळिशीच्या बाईंना हे काही आवडत नाही. जायच्या आधी महिनाभर रोज मोठ्याने वाचा, लांब स्वराला बोटाने टेबलावर एक जास्तीचा ठोका द्या.

कोर्स निवडताना

"लँग्वेज अँड कल्चर" असं छापलेल्या निम्म्या कोर्सांमध्ये भाषा तोंडी लावण्यापुरती असते. सकाळी दोन तास वर्ग, मग बस, मग किमोनो घालून फोटो, तासभर सुलेखन, आणि सोबत इंग्रजी बोलणारा गाइड. ही सहलच आहे. सहल वाईट नाही, पण तिला सहलीचेच पैसे द्या. पत्रक पाहू नका, वेळापत्रक मागवा. त्यात चार गोष्टी शोधा: आठवड्याला किमान वीस तासिका, पहिल्या दिवशी पातळी ठरवणारी चाचणी, वर्गात किती जण आणि कुठले, आणि जेवणाखाणासकट जपानी कुटुंबाच्या घरात राहण्याची सोय. मेलवर विचारायला संकोचू नका. जपानी शाळा अशा मेलना सविस्तर उत्तर देतात. जी देत नाही, ती यादीतून काढा.

खासगी भाषाशाळांचे दोन ते बारा आठवड्यांचे कोर्स कुणालाही खुले असतात. विद्यापीठांच्या उन्हाळी कोर्सांसाठी बऱ्याचदा तुमच्या कॉलेजचा त्यांच्याशी करार लागतो, म्हणून आधी कॉलेजात चौकशी करा.

माझं ठाम मत आहे की टोकियो टाळा. तिथे तुम्ही अडखळलात की समोरचा इंग्रजीवर येतो. ओकायामासारख्या मध्यम शहरात त्याला तुमच्या मोडक्या जपानीशिवाय इलाज नसतो. ट्रामने गाव पालथं घालता येतं, कानसाइ विमानतळावरून 'हारुका' गाडीने शिन-ओसाका आणि तिथून शिन्कान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, पाऊण-एक तासात पोचता येतं. बोलीचा त्रास होतो, हे खरं. ओकायामाची माणसं 'शिते इरु'चं (करत आहे) 'शितोरु' करतात आणि 'खूप'साठी 'देएरे' म्हणतात, आणि नवखा विद्यार्थी दोन दिवस गांगरतो. गांगरू द्या. चाकणला येणारे जपानी इंजिनिअर तरी कुठे सगळे टोकियोचे असतात?

पुणेकरांना ओकायामात बोलायला एक आयता विषयही मिळतो. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान, म्हणजे पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. मूळ बाग १७०० साली पूर्ण झाली. तिच्यात भातखाचर आहे, चहाचा मळा आहे, आणि मागे काळा किल्ला दिसतो. जाण्याआधी पुण्याच्या बागेत एक चक्कर मारून फोटो काढा आणि कागदावर छापून न्या. ज्या घरी मी राहिले त्या आजींना या बागेचा पत्ताच नव्हता. फोटो पाहिल्यावर त्यांनी शेजारणीला फोन लावला, ती आली, आणि मला त्या संध्याकाळी तासभर दोघींच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागली: तिकीट किती, तळ्यात मासे आहेत का, गवत कोण कापतं? वर्गात आठवडाभरात झालं नसतं एवढं बोलणं तिथे झालं. घर, गाव आणि स्वयंपाक या तीन विषयांवर असे छापील फोटो न्याच. फोनमधला फोटो दुसऱ्याच्या हातात राहत नाही.

दिवस कोणते धरावे? एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा गोल्डन वीक असतो, शाळा बंद, गाड्या भरलेल्या. जून ते जुलैच्या मध्यापर्यंत पाऊस, नंतर दमट उकाडा, आणि ऑगस्टच्या मध्यात ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या सुट्ट्या. कॉलेजवाल्यांनी मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जावं. नोकरदारांना दिवाळीला जोडून रजा मिळत असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरसारखी हवा नाही.

कागदपत्रं आणि बॅग

कोर्स नव्वद दिवसांच्या आतला असेल तर विद्यार्थी व्हिसाची लांबण लागत नाही, अल्पकालीन व्हिसा पुरतो. महाराष्ट्र-गोव्याचे अर्ज मुंबईच्या जपानी वाणिज्य दूतावासाकडे जातात. शाळेचं प्रवेशपत्र, राहण्याचा पत्ता आणि बँकेची कागदपत्रं यांच्या तारखा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. या व्हिसावर काम करून पैसे मिळवायला बंदी आहे, "थोडा पार्टटाइम चालतो" म्हणणाऱ्या एजंटला तिथूनच नमस्कार करा. तिथला सरकारी आरोग्य विमा मिळत नाही, तेव्हा प्रवास विमा इथूनच काढा.

सर्दी-खोकल्याच्या गोळ्यांची पाकिटं उलटून घटक वाचा. स्यूडोएफेड्रिन आणि कोडीन यांच्यावर तिथे कडक निर्बंध आहेत. आणि मेमध्ये जाताना हापूसची पेटी नेण्याचा मोह आवरा. भारतीय आंब्यावरची बंदी जपानने २००६ साली उठवली, पण ती प्रक्रिया करून रीतसर आयात होणाऱ्या आंब्यापुरती. प्रवाशाच्या बॅगेतलं फळ प्रमाणपत्राशिवाय विमानतळाबाहेर पडत नाही. कच्ची डाळ आणि कडधान्यंही नकोत.

मेतकूट मात्र न्या, बंद पाकिटात. गरम जपानी भातावर ते असं काही जमतं की घरचे मागून घेतात. भेट म्हणून बाकरवडीची छोटी पाकिटं उत्तम. मोठा एक डबा देण्यापेक्षा वाटता येतील अशा लहान वस्तू तिथे आवडतात. चार नग मात्र देऊ नका, चारचा उच्चार मृत्यूच्या शब्दासारखा असल्याने तो आकडा टाळतात. भेट तुमच्यासमोर उघडली नाही तर वाईट वाटून घेऊ नका.

घरात

शाकाहारींनो, "व्हेजिटेरियन" एवढं सांगून भागणार नाही. मांस वगळलं की झालं असं यजमानांना प्रामाणिकपणे वाटतं, आणि मिसो सूपमध्ये कात्सुओ माशाच्या किसाची दाशी, म्हणजे उकळून काढलेला अर्क, असते. उदोन शेवयांचं पाणी, भाजीचा रस, नात्तोसोबतची (आंबवलेल्या सोयाबीनसोबतची) सॉसची पुडी, सगळीकडे ती. शाळेच्या फॉर्मवर आणि पहिल्या दिवशी तोंडी असं सांगा: "निकु मो साकाना मो ताबेमासेन. कात्सुओ नो दाशि मो दामे देस. कोन्बु नारा दाइजोबु देस." म्हणजे मांसही खात नाही, मासेही नाही, कात्सुओची दाशीही चालत नाही, कोन्बुची असेल तर चालेल. कोन्बु म्हणजे समुद्री शेवाळ, त्याची दाशी चालते. हे तुमच्याच्याने पाळलं जाणार नसेल, तर सूपपुरती सूट देणार का ते पुण्यातच ठरवा. तिथे जेवणाच्या टेबलावर रोज नवा निर्णय घेतलात तर स्वयंपाक करणाऱ्या बाई हवालदिल होतात.

अंघोळीचा क्रम नीट समजून घ्या. टबाच्या बाहेर बसून साबण लावायचा, पूर्ण धुऊन घ्यायचं, मग स्वच्छ अंगाने टबात शिरायचं. ते पाणी घरातल्या सगळ्यांचं असतं, म्हणून बाहेर येताना बूच काढायचं नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने पहिल्याच रात्री सगळं पाणी सोडून दिलं. त्याच्यामागे तिघांची अंघोळ बाकी होती. कुणी एक शब्द बोललं नाही. दुसऱ्या दिवशी टबावर चित्र काढलेली चिठ्ठी होती.

नियम असे चिठ्ठीने किंवा मौनाने कळतात. संडासाच्या सपाता वेगळ्या, तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटयांवर, कुठल्याच नाहीत. प्लास्टिकच्या बाटलीचं झाकण आणि वरचा कागद काढून तिन्ही वेगळं टाकायचं. जेवायला उशीर होणार असेल तर दुपारीच कळवायचं. भातात काड्या उभ्या खोचू नका आणि काडीवरून काडीवर घास देऊ नका, दोन्ही अंत्यविधीत होतं.

ऐकताना हुंकार द्या. "हाइ", "एए", "सो देस ने" असं मध्ये मध्ये आलं नाही तर समोरच्याला वाटतं याला काही कळत नाहीये, आणि तो सोपं बोलायला लागतो किंवा थांबतो. हुंकार द्यायची सवय आपल्याला आहेच, पण परक्या भाषेत आपण टाचणी लावल्यासारखे गप्प बसतो. आणि मान डोलवू नका. आपला डोलणारा होकार तिथे कुणालाच उलगडत नाही.

वर्ग सुटल्यावर

खरा कोर्स दुपारी सुरू होतो. पहिली परीक्षा कोन्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात. एन-४ पास झालेली मुलं गल्ल्यावर थिजतात, कारण तिथली मुलगी पुस्तकातलं जपानी बोलत नाही. ती भरभर आदरार्थी विचारते: "फुकुरो वा गोरियो देस का?" पिशवी हवी का? जुलै २०२०पासून पिशवीला पैसे पडतात, म्हणून विचारतात. "आतातामेमास का?" गरम करून देऊ का? "पोइन्तो कादो वा?" पॉइंट कार्ड आहे का? हवं असेल तर "ओनेगाइशिमास", नको असेल तर "दाइजोबु देस". इतकं घोकून जा, पहिल्या आठवड्याची निम्मी भीती जाते.

वर्गमित्रांसोबत हिंडू नका, हे सांगायला कठोर वाटतं पण सांगते. त्यांच्याशी बोलणं इंग्रजीतच होतं, आणि कुणी पुणेकर भेटलाच तर मराठीत. त्याऐवजी पहाटेची रेडिओ कसरत गाठा. एनएचकेच्या रेडिओवर साडेसहाला पियानोच्या तालावर व्यायाम लागतो, १९२८पासूनची प्रथा आहे. जवळच्या बागेत आजी-आजोबांचा एक जथा जमतोच. तुम्ही मागच्या रांगेत उभे राहा आणि हात-पाय हलवा. दोन दिवस नुसतं "ओहायो गोझाइमास", तिसऱ्या दिवशी "कुठून आलात?" सुरू होतं. त्यांच्याकडे वेळ असतो आणि ते सावकाश बोलतात. असा शिक्षक पैसे देऊन मिळत नाही. वस्तीतलं सार्वजनिक सभागृह, कोमिन्कान, तिथेही सुलेखन, इकेबाना (पुष्परचना), स्वयंपाक असे स्थानिकांचे वर्ग चालतात. नोटीस बोर्ड वाचता आला नाही तर तेच निमित्त करून काउंटरवर विचारा.

शनिवार-रविवारी क्योतोच्या गर्दीत धक्के खायला सगळेच जातात. मी कोयासानला पाठवते, वाकायामाच्या डोंगरावर, ओसाकाहून नान्काइ रेल्वेने. कूकाइ या भिक्षूने ८१६ साली वसवलेलं हे मठांचं गाव. देवळात मुक्काम करता येतो आणि जेवण शोजिन र्योरी, म्हणजे मासे-मांसाविना. तिथल्या ओकुनोइन स्मशानवनातल्या पाच थरांच्या दगडी स्तूपांवर सिद्धम् अक्षरं कोरलेली आहेत: ख, ह, र, व, अ. वरपासून आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. रोजच्या वर्णमालेचं मूळ तिथे बोटाने गिरवता येतं. याच गावच्या कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, २०१५ साली उभारलेला. तिथे जपानी माणूस भेटला तर बाबासाहेबांबद्दल पाच वाक्यं सांगता यायला हवीत. ती जायच्या आधीच तयार करा, व्याकरण मी तपासून देते.

परत आल्यावर आठवड्याच्या आत यजमानांना हाताने पत्र लिहा, जपानीत, चुका असल्या तरी चालतील. जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरात असते. मेमध्ये जाऊन आलेल्यांनी जुलैच्या निकालावरून महिन्याचं मोजमाप करू नये, कारण बोलणं त्या परीक्षेत तपासतच नाहीत. आधी रेडिओ कसरतीतल्या एखाद्या आजोबांशी आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल ठरवा. जपान आपल्यापुढे साडेतीन तास आहे, त्यामुळे आपल्या सकाळी नऊला त्यांचं जेवण उरकलेलं असतं.