पाण्यातील तांबे आणि शिसे शोषणारे कायटोसानचे मणी: तयार करण्याची आणि पारखण्याची पद्धत

कोळंबी आणि खेकड्याच्या कवचातील कायटिनवर तीव्र कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केली की त्यातील ॲसिटिल गट निघून जातात आणि मोकळे ॲमिनो गट असलेला कायटोसान हा पॉलिमर मिळतो. या गटातील नायट्रोजनकडे इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते आणि तांबे, शिसे, निकेल अशा धातूंचे आयन तिच्याशी बांधले जातात. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सोडियम यांची मात्र कायटोसानला फारशी ओढ नसते, आणि विहिरी-बोअरच्या जड पाण्याचा विचार करता हा गुण फार मोलाचा आहे. ज्या कोकणात कोळंबी सोलण्याच्या उद्योगातून टरफलांचे ढीग निघतात, तेथील महाविद्यालयांनी हा प्रयोग जरूर हाती घ्यावा. पहिल्या खेपेस मात्र टरफलांपासून सुरुवात न करता ॲसिटिल गट किती निघाले आहेत याची टक्केवारी लेबलवर दिलेली तयार कायटोसान पूड आणावी.

कायटोसानची खरी अडचण अशी की तो सौम्य आम्लात विरघळतो, आणि मुलामा देण्याच्या कारखान्यांचे सांडपाणी बहुधा आम्लधर्मीच असते. म्हणून त्याच्या साखळ्या एकमेकींना जोडून घ्याव्या लागतात, म्हणजेच क्रॉसलिंकिंग करावे लागते. ग्लुटाराल्डिहाइड हे काम चटकन करते, पण ते ॲमिनो गटांशीच जोडले जात असल्यामुळे धातू धरणारे हातच त्यात खर्ची पडतात. एपिक्लोरोहायड्रिन प्रामुख्याने हायड्रॉक्सिल गटांशी जोडले जाते आणि ॲमिनो गट बरेचसे मोकळे राहतात. परंतु ते कर्करोगकारक असण्याची शक्यता मोठी असल्यामुळे विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ग्लुटाराल्डिहाइडही डोळ्यांना आणि श्वसनमार्गाला त्रासदायक आहे, तेव्हा ते फ्यूम हूडमध्ये, हातमोजे आणि चष्मा घालूनच वापरावे.

२ ग्रॅम कायटोसान १०० मिली २ टक्के ॲसेटिक आम्लात टाकून रात्रभर ढवळत ठेवावे. सकाळी मधासारखे दाट द्रावण मिळते. त्यातील हवेचे बुडबुडे निघून जाईपर्यंत ते स्थिर ठेवावे, कारण बुडबुडा अडकलेला मणी तरंगतो आणि पुढे वजनाच्या हिशेबात गोंधळ करतो. हे द्रावण सिरिंजने १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये थेंबाथेंबाने सोडावे. थेंब पडताच बाहेरून पांढुरका होतो आणि बुडेपर्यंत गोल मणी तयार होतो. मणी आतपर्यंत घट्ट होण्यासाठी काही तास त्याच द्रावणात राहू द्यावेत आणि नंतर धुतलेल्या पाण्याचा सामू ७ च्या जवळ येईपर्यंत ऊर्ध्वपातित पाण्याने पुन्हा पुन्हा धुवावेत. ही धुलाई कंटाळवाणी असली तरी तिच्यात घाई केल्यास पुढचा सगळा प्रयोग फसवा ठरतो. त्याचे कारण पुढे येईलच.

ग्लुटाराल्डिहाइड किती घ्यायचे हे अंदाजाने न ठरवता मोजून ठरवावे. कायटोसान ८५ टक्के प्रतीचा (म्हणजे ८५ टक्के ॲसिटिल गट निघालेला) असेल तर २ ग्रॅममध्ये सुमारे १० मिलिमोल ॲमिनो गट असतात. त्यांतील दहावा हिस्सा, म्हणजे १ मिलिमोल, गुंतवायचा ठरवला तर एका रेणूला दोन गट लागत असल्यामुळे ०.५ मिलिमोल ग्लुटाराल्डिहाइड पुरते, म्हणजे बाजारातील २५ टक्के द्रावणाचे जेमतेम ०.२ मिली. ते १०० मिली पाण्यात मिसळून त्यात मणी रात्रभर हलवत ठेवावेत. मण्यांवर पिवळसर छटा आली की जोडणी झाल्याचे समजावे. त्यांतील चार मणी ५ टक्के ॲसेटिक आम्लात दिवसभर ठेवून पाहावेत आणि ते विरघळले तरच प्रमाण थोडे वाढवावे. अधिक टिकाऊपणाच्या हव्यासाने प्रमाण सरसकट वाढवल्यास आम्लाला दाद न देणारे, पण धातूही फारसा न धरणारे मणी हाती येतात.

चाचणी आधी तांब्यावर करावी. ३.९३ ग्रॅम मोरचूद ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून १ लिटर द्रावण केले की लिटरला १००० मिलिग्रॅम तांबे असलेले मूळ द्रावण मिळते. त्यातील ५ मिली घेऊन १०० मिली करावे आणि सामू ५ वर आणावा. त्यात सुमारे ०.१ ग्रॅम कोरड्या वजनाइतके ओले मणी टाकून शेकरवर हलवत ठेवावे. तेवढेच ओले मणी वेगळे वाळवून कोरडे वजन काढून ठेवावे. अणुशोषण वर्णपटमापीवर ३२४.८ नॅनोमीटरला मोजून तांबे लिटरला ५० वरून १० मिलिग्रॅमवर आलेले दिसले, तर शोषण ग्रॅमला ४० मिलिग्रॅम ठरते.

हा आकडा वहीत लिहिण्यापूर्वी द्रावणाचा अखेरचा सामू तपासावा. मण्यांत अल्क उरला असेल तर सामू ६ च्या पुढे जातो आणि तांबे मण्यांवर न बसता हायड्रॉक्साइडच्या रूपाने साका होऊन खाली बसते. गाळलेले द्रावण स्वच्छ येते आणि श्रेय मात्र मण्यांना जाते. यासाठी मणी न टाकलेले तेच द्रावण त्याच अखेरच्या सामूवर ठेवून त्यातील तांबेही मोजावे. ही जोडचाचणी नसलेल्या कोणत्याही शोषणक्षमतेवर मी विश्वास ठेवत नाही.

टक्केवारीनेही हुरळून जाऊ नये. वरील उदाहरणात ८० टक्के तांबे निघाले, तरी उरलेले १० मिलिग्रॅम पिण्यायोग्य पाण्याच्या मर्यादेहून कितीतरी जास्त आहे. शिशाच्या बाबतीत पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५००:२०१२ या भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम इतकी कडक आहे. म्हणून शिशाची चाचणी कमी संहतीवरही करावी. शिशासाठी लेड नायट्रेट वापरावे आणि सामू कमी करण्यास नायट्रिक आम्लच घ्यावे, कारण सल्फेट आले की शिशाचा साका होतो.

वापरलेले मणी ईडीटीए या धातूंना घट्ट धरणाऱ्या रसायनाच्या ०.१ मोलर द्रावणात हलवले की धातू सुटतो. मग ते भरपूर पाण्याने धुऊन पुन्हा वापरता येतात, आणि प्रत्येक फेरीत क्षमता किती घटली हे नोंदवावे. सुटलेला धातू आता या ईडीटीएच्या द्रावणात साठलेला असतो. ते द्रावण, शिशाची उरलेली द्रावणे आणि निकामी झालेले मणी बेसिनमध्ये न ओतता लेबल लावलेल्या वेगळ्या बाटल्यांत साठवून घातक कचरा म्हणून अधिकृत संकलकाकडेच सोपवावेत.