जुन्या टर्नटेबलसाठी कार्ट्रिज आणि सुई निवडताना

सांगली-मिरजेकडच्या जुन्या घरांत माळ्यावरून रेकॉर्ड प्लेअर खाली येतो, तेव्हा त्याच्यासोबत बहुधा दोन काळांच्या तबकड्या निघतात : बालगंधर्व किंवा अब्दुल करीम खाँ यांच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या आणि नंतरच्या ३३⅓ फेऱ्यांच्या एलपी. कोणती सुई घ्यावी, हे दुकानात शिरण्याआधी या दोन ढिगांवरून आणि यंत्राच्या दांडीवरून, म्हणजे सुईला तबकडीवर धरून ठेवणाऱ्या हातावरून, ठरवावे.

दांडीच्या टोकाशी बसणारा आणि सुईची थरथर विजेच्या संकेतात बदलणारा छोटा भाग म्हणजे कार्ट्रिज. प्रथम ते सिरॅमिक आहे की चुंबकीय, ते ओळखावे. स्पीकर अंगातच असलेल्या पेटीवजा यंत्रांत बहुधा सिरॅमिक असते. त्याच्याकडून शेकडो मिलिव्होल्टचा संकेत मिळतो, तर चुंबकीयाकडून जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्टचा. म्हणून चुंबकीयाला फोनो प्रीअँप्लिफायर, म्हणजे हा क्षीण संकेत वाढवणारे उपकरण, लागतेच. हौसेपोटी पेटीयंत्रात चुंबकीय कार्ट्रिज बसवले, तर आवाज पातळ येतो आणि त्या दांडीचा जास्तीचा भार नाजूक सुईला सोसवत नाही. अशा यंत्राला त्याच जातीची सुई द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

चुंबकीय कार्ट्रिज दोन स्क्रूंवर बसत असेल, तर त्यांच्यातील अंतर १२.७ मिलिमीटर असते आणि बाजारातील बहुतेक कार्ट्रिजे तेथे बसतात. मात्र सुईला लागणारा भार दांडीवर साधता आला पाहिजे. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई या कार्ट्रिजला सुमारे २ ग्रॅम भार लागतो. मागे फिरवता येणारे वजन नसलेल्या दांडीवर तो साधण्याची खात्री नसते. शिवाय पुष्कळदा नुसती सुई बदलून काम भागते. एक बाजू मुकी असेल, तर कार्ट्रिजमागच्या डाव्या-उजव्या तारांच्या जोड्या अदलाबदल कराव्यात. मुकेपणा दुसऱ्या स्पीकरकडे गेला, तरच कार्ट्रिज बिघडलेले समजावे.

लाखेच्या तबकड्यांचा प्रश्न वेगळा आहे. एलपीच्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्या सुमारे १८ मायक्रॉन असते, तर ७८ फेऱ्यांसाठी ती साधारण ७५ लागते. बारीक सुई त्या रुंद खोबणीच्या तळाशी, धुळीतच घरंगळते आणि जाड सुई एलपीची खोबण खराब करते. सिरॅमिकच्या काही सुया उलटसुलट असतात. खुंटी फिरवली की दुसरे टोक खाली येते. व्हीएम९५ मालिकेत त्याच कार्ट्रिजवर ७८ ची सुई चढवता येते, पण तिला सुमारे ५ ग्रॅम भार लागत असल्यामुळे प्रत्येक वेळी वजन नव्याने साधावे लागते. नवी सुई टेकवण्याआधी तबकड्या साफ कराव्यात, विशेषतः पुराच्या पाण्यात भिजून गाळ बसलेल्या. मात्र लाखेवर स्पिरिट लावू नये, लाख विरघळते.

जोडणीत पांढरी तार डावीकडची, निळी तिची परतीची, लाल उजवीकडची आणि हिरवी तिची परतीची, हा रूढ क्रम आहे. तारा चिमट्याने सरकवाव्यात; कार्ट्रिजच्या पिनांवर सोल्डरिंग करू नये, कारण उष्णतेने आतली जोडणी तुटू शकते. भार मोजण्यासाठी छोटा डिजिटल काटा वापरावा आणि पहिली चाचणी मनापासून जपलेल्या तबकडीवर घेऊ नये.