उपाशी, हाल झालेला ससा घरी आणलाय? मग या चुका टाळा

ससेपालनाच्या हौसेने कोणी न्यूझीलंड व्हाइट जातीच्या चार-सहा माद्या आणतो, विक्रीचं काही जमत नाही आणि शेड तशीच सोडून दिली जाते. नाहीतर पोट्ट्यांच्या हट्टापायी आठवडी बाजारातून जोडी येते आणि हौस फिटली की पिंजरा गोठ्याच्या कोपऱ्यात जातो. तिथून उचलून आणलेला ससा केसांमुळे अंगाने बरा दिसतो, त्यावर जाऊ नका. पाठीवरून बोट फिरवलं की मणके एकेक करून हाताला लागतात, कमरेची हाडं टोचतात, मांडीला मांस म्हणून नसतं. पोट मात्र कधीकधी टम्म असतं आणि तेच बघून "खाऊन-पिऊन आहे की" म्हणत लोक मोकळे होतात.

अशा सशाला वाचवायला आपण जी धावपळ करतो, तीच पुष्कळदा त्याच्या मुळावर येते. गाय-बकरीचा चारा आधी पोटात आंबतो आणि मग पुढे सरकतो. सशाचं उलट आहे. चारा जठर आणि लहान आतडं ओलांडून शेवटी अंधनाळात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत, जाऊन आंबतो. तिथले जिवाणू तंतू पचवतात आणि त्यांना चारा थोडा थोडा, पण सारखा लागतो. उपासमारीत त्यांचीच घडी विस्कटलेली असते. पहिला आठवडा सांभाळायचं असतं ते हे अंधनाळ. ससा त्याच्यामागून सावरतो.

पहिल्याच दिवशी पोटभर वाढणे

"बिचाऱ्याले दूध-पोळी द्या ना जी, काहून निस्तं गवत टाकून रायले?" हे शेजारून कोणीतरी म्हणणारच. दूध-पोळी, भात, बिस्कीट, गूळ, भिजवलेले चणे, सरकीची ढेप यातलं काहीही देऊ नका. गाजरसुद्धा नको. चित्रातला ससा गाजर खातो म्हणून आपणही किलोभर आणतो, पण त्यातली साखर या पोटाला झेपत नाही.

याला दोन कारणं आहेत. पिठूळ आणि गोड अन्न अंधनाळात गेलं की तिथे नको ते जिवाणू माजतात, गॅस धरतो, आणि सशाला तर उलटीही होत नाही. दुसरं कारण त्याहून घातकी आहे. लांबलेल्या उपासानंतर अचानक स्टार्च मिळालं की रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्याने पेशींमध्ये ओढलं जातं. रक्तात ते कमी पडलं की स्नायू लुळे पडतात, हृदयाचे ठोके बिघडतात. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेली माणसं भरपेट जेवून दगावली, ती याच कारणाने.

पण याचा अर्थ त्याला उपाशी ठेवायचं असाही नाही. वाळलेलं चांगलं गवत पहिल्या तासापासून समोर भरपूर असू द्या, ते त्याला हवं तितकं खाऊ द्या. मोजून द्यायचा तो पेलेट खुराक (सशाच्या तयार खाद्याच्या दाबलेल्या कांड्या) आणि हिरवा पाला. पेलेट पहिले दोन-तीन दिवस चिमूटभरच. पाला एका वेळी एकच, म्हणजे आज कोथिंबिरीच्या दोन काड्या, लेंड्या नीट राहिल्या तर परवा मुळ्याचा पाला.

पाणी जड वाडग्यात ठेवा. टांगायच्या बाटलीची गोळी चाटायचे कष्ट अशक्त ससा घेत नाही.

थंड पडलेल्या सशाच्या तोंडात सिरिंज खुपसणे

कान हातात धरून बघा. सशाच्या अंगाचं तापमान साधारण ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असतं, म्हणजे आपल्यापेक्षा जास्तच. कान गार आणि ससा मलूल असेल तर आतडंही थांबलेलं असतं. आधी ऊब द्या. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून अंगाजवळ ठेवा आणि तिच्यापासून दूर सरकायलाही जागा ठेवा. भरवायचं ते अंग गरम झाल्यावर.

भरवताना त्याला उताणं करू नका. मांडीवर नेहमीसारखा बसवून, पुढच्या दातांच्या मागे बाजूने सिरिंजचं टोक घाला आणि अर्धा-एक मिली सोडा. तो चावून गिळतो का बघा आणि मगच पुढचं द्या. जोरात दाबलं की ते फुप्फुसात जातं. पेलेट भिजवून पातळ केलेली लापशी सुरुवातीला किलोमागे दिवसाला १०-१५ मिली, तीही चार-पाच वेळा विभागून. चार-पाच दिवसांत वाढवत ५० मिलीपर्यंत न्यायची. ससा स्वतःहून गवत ओढू लागला की सिरिंज कमी करत जायची.

उचलताना कान धरून कधीही उचलू नका. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली. मागचे पाय लोंबकळले आणि त्याने झटका दिला तर त्याचाच कणा मोडतो.

धुऱ्यावरचं गवत डोळे मिटून कापणे

आपल्याकडे विदर्भात खरी गोची इथे आहे. पुस्तकात टिमोथी गवत लिहिलेलं असतं, ते गावात कुठून मिळणार? पण मारवेल आहे, हरळी आहे, पवना आहे. दिवाळीच्या आसपास कापून सावलीत वाळवलेलं मारवेल सशाला उत्तम. भंडारा-गोंदियाकडचं धानाचं तनस अंथरायला छान, पण त्यात कस नाही. सोयाबीनचं कुटार तर टोचरं आणि धुळीचं असतं, त्याच्यावर ससा जगवायचा विचार करू नका. लसूणघास अशक्त सशाला काही दिवस मूठभर चालतो. मोठ्या सशाला तो रोज देत राहिलात तर त्यातल्या जास्तीच्या कॅल्शियमचा मूत्राला त्रास होतो.

वावराच्या धुऱ्यावरचं गवत मात्र जून ते ऑक्टोबर विषासमानच समजा. आधी तणनाशक, मग कपाशी-सोयाबीनवरची फवारणी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली. दीड किलोच्या जनावराचं काय होईल ते सांगायला नको. कोवळी हिरवी ज्वारी देऊ नका, तिच्यात सायनाइडचं विष तयार होतं. बेशरम, धोतरा, रुई, गाजरगवत, रायमुनिया भाऱ्यात आलं असेल तर निवडून फेका. सुबाभूळ बकऱ्या आवडीने खातात, पण सशाला त्याने केसगळती आणि विषबाधा होते.

कुसळी गवत फुलावर आल्यावर कापलेलं असेल तर तेही टाळा. ती कुसळं हिरडीत आणि डोळ्यात रुततात. एका डोळ्यातून सारखं पाणी येतंय आणि ससा तो मिटून घेतोय असं दिसलं, तर आधी उजेडात पापणीखाली कुसळ आहे का बघा.

पावसाळ्यात ओल्या गवताचा भारा ढीग करून ठेवला की आतून गरम होतो. हात घालून बघा, गरम लागला तर तो सशाला नको.

दात न बघताच "खात नाही" म्हणणे

सशाला २८ दात असतात आणि ते सगळे जन्मभर वाढतात. पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. पिंजऱ्यात नुसत्या पोळीवर राहिलेल्या सशाचे दात झिजलेलेच नसतात. वरचा ओठ हलकेच उचलला की पुढचे दात दिसतात. वाकडे वाढलेले, एकमेकांना चुकवून गेलेले असतील तर लगेच कळतं. दाढा दिसत नाहीत, त्या खुणांवरून ओळखायच्या. हनुवटी ओली राहते, ससा घास तोंडात घेऊन टाकून देतो, वाडग्यापाशी येऊन परत फिरतो. म्हणजे भूक आहे, पण चावता येत नाही. दात नेलकटरने कापू नका, उभा चिरतो आणि मुळाशी पू धरतो. ते काम डॉक्टरांचं.

गोठ्यातली औषधं वापरणे

ही चूक सर्वांत महाग पडते. घरात उरलेली अमॉक्सिसिलिनची कॅप्सूल फोडून पाण्यात द्यायची, हे अगदी सर्रास चालतं. पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन ही औषधं सशाच्या पोटात गेली की अंधनाळातले चांगले जिवाणू मरतात, विष तयार करणारे माजतात आणि ससा जुलाबाने जातो. सशाला चालणारी प्रतिजैविकं वेगळी आहेत, ती डॉक्टर देतील. फक्त "हा ससा आहे" हे चिठ्ठी लिहायच्या आधी ठासून सांगा.

खरुजेचंही तेच. नाकावर, पायाच्या बोटांवर पांढरट खवले किंवा कानात तपकिरी पापुद्रे दिसले की जनावरांचं आयव्हरमेक्टिन आठवतं. औषध चुकीचं नाही, माप चुकतं. मोठ्या जनावरांचं एक टक्क्याचं इंजेक्शन ५० किलो वजनाला १ मिली असं असतं. मग सव्वा किलोच्या सशाला किती, तो हिशेब अंदाजाने करायचा नसतो. कानातले पापुद्रे ओरबाडूही नका, खालची कातडी सोलवटते. औषध लागू पडलं की ते आपोआप गळतात. गोचिडांवरचं फवारायचं औषध आणि कुत्र्याच्या मानेवर टाकायचं फिप्रोनिल, दोन्ही सशाला नकोत. आणि हो, नाका-पायावरची खरूज माणसालाही लागते, हात धुवा.

घाण दिसली की आंघोळ घालणे

ससा भिजवला की घाबरतो आणि गारठतो, अशक्त असेल तर त्यातच जाऊ शकतो. मागचा भाग बरबटला असेल तर तेवढाच कोमट पाण्याच्या फडक्याने पुसून लगेच कोरडा करा. केसांच्या गाठी कात्रीने कापू नका, कातडी इतकी पातळ असते की केसांबरोबर तीही कापली जाते. बोटांनी, रोज थोड्या थोड्या सोडवा.

पावसाळ्यात रोज शेपटीखाली बघा. माशी बसली की एका दिवसात किडे पडतात. बैलाच्या जखमेत ओततात तसं टर्पेंटाइन किंवा फिनाइल इथे नाही चालणार, ससा ते चाटतो. चिमट्याने किडे काढा, मेडिकलमधून आणलेल्या सलाइनने जखम धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मागे चिकटलेलं सगळंच जुलाब नसतं. ससा पहाटे काळपट, मऊ, द्राक्षाच्या घडासारख्या लेंड्या टाकतो आणि थेट तिथूनच खातो. त्यातून त्याला जीवनसत्त्वं आणि प्रथिनं परत मिळतात. अशक्त सशाला पाठ वाकवून तिथवर पोचता येत नाही म्हणून त्या चिकटतात. अशा वेळी गवत वाढवा, पेलेट कमी करा. पाण्यासारखे जुलाब मात्र वेगळे, तिथे एक तासही थांबू नका.

उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवणे

३० अंशांच्या वर सशाला त्रास सुरू होतो आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याची शेड सोडा. कौलाच्या घरातली जमिनीलगतची जागा, बाजूला ओलं बारदान, फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली एवढं हवंच. कूलर असेल तर त्याचा थेट झोत नको. धापा टाकत असेल तर कान ओल्या हाताने पुसा, बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. जाळीच्या तळावर पोतं अंथरा, नाहीतर तळपायांना जखमा होतात.

रानससा घरी आणणे

सोयाबीन काढताना सापडलेलं, डोळे उघडे असलेलं, अंगभर केसांचं भुरकट पिल्लू पाळीव सशाचं नसतं. पाळीव सशाची पिल्लं आंधळी आणि उघडी जन्मतात. रानससा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. जखम नसेल तर पिल्लू जिथे होतं तिथेच ठेवा, आई संध्याकाळी येते. जखमी असेल तर वनविभागाला १९२६ वर फोन करा.

आठवड्यानंतरही गाडी अडली तर

रोज सकाळी, खाण्याआधी, किराणा दुकानातल्यासारख्या काट्यावर वजन करा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. हाताला "भरल्यासारखा वाटतो" याला काही अर्थ नाही. एका दिवसात एकदम वाढलेलं वजन पाण्याचं किंवा पोटफुगीचं असतं. रोज थोडं थोडं चढतं ते खरं. दहा दिवसांत काटा हलला नाही तर दाढा तपासून घ्या, आणि ताज्या लेंड्या डबीत घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या. कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) आणि जंत सूक्ष्मदर्शकाखालीच कळतात. तिथे ससा हाताळायची सवय नसेल तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची पशुवैद्यकीय संस्था गाठा. उन्हाळ्यात प्रवास पहाटेचाच.

दहा-बारा तास काही खाल्लं नाही, लेंडी पडली नाही, ससा कुबड काढून दात करकर चावतोय, असं असेल तर सकाळची वाट बघू नका.

शेडमधून आणलेली मादी असेल तर ती गाभण असण्याची शक्यता धरून चाला. गर्भ साधारण ३१ दिवसांचा असतो. ती छातीचे केस उपटून कोपऱ्यात गोळा करू लागली तर ती खरूज समजू नका. खोक्यात तनस घालून द्या, खुराक थोडा वाढवा. तिच्यासोबत नर आणला असेल तर त्याला पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा. व्याल्याच्या दिवशीच ती पुन्हा गाभण राहू शकते.